‘अवतार’ची कॉमिक्स वाचायची आहेत? मग या चुका टाळा

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाचीने ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ संपवली. शेवटच्या भागात झुको तुरुंगात जातो, बापासमोर उभा राहतो आणि विचारतो, “माझी आई कुठे आहे?” आणि दृश्य तिथेच संपतं. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, मग उत्तर?”

उत्तर आहे, पण ते टीव्हीवर नाही, पुस्तकात आहे. पाणी, माती, अग्नी आणि वारा ही तत्त्वं हाताळणाऱ्या लोकांच्या जगातली ही गोष्ट : फायर नेशन शंभर वर्षं युद्ध करतंय, आणि आंग नावाचा मुलगा, म्हणजे चारही तत्त्वं हाताळू शकणारा ‘अवतार’, ते थांबवतो. झुको हा त्याच फायर नेशनचा राजपुत्र. ही मालिका निकेलोडियनवर 2005 ते 2008 या काळात चालली. तीन पर्वं, एकूण 61 भाग. पुढची गोष्ट डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाने 2012 पासून ग्राफिक नॉव्हेलच्या रूपात आणायला सुरुवात केली आणि झुकोच्या आईचा शोध 2013 साली छापून आला. म्हणजे ज्यांनी मालिका तेव्हाच पाहिली होती, त्यांनी या एका उत्तरासाठी जवळजवळ पाच वर्षं वाट पाहिली.

ही पुस्तकं वाचण्याजोगी आहेत का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम ‘हो’ असंच आहे. पण एखादं पुस्तक अर्धवट टाकून “मालिकेची मजा नाही आली” म्हणणारेही मी खूप पाहिले आहेत. त्यांच्याशी बोलताना दरवेळी कळतं, की गडबड पुस्तकात कमी आणि सुरुवात करण्याच्या पद्धतीत जास्त झाली होती.

चुकीचं पुस्तक हातात पडणं

‘अवतार’ हे नाव मुखपृष्ठावर असलेलं प्रत्येक पुस्तक पुढची गोष्ट सांगत नाही. मालिका चालू असताना टोक्योपॉप या प्रकाशनाने तिच्याच चित्रफ्रेमा कापून त्यावर संवाद चिकटवलेली पुस्तकं काढली होती. त्यात नवीन काहीच नाही, पाहिलेलंच पुन्हा आहे. 2010 साली या मालिकेवर सिनेमा आला, तेव्हा त्या सिनेमाला धरून झुकोवर एक वेगळं पुस्तक निघालं. ते सिनेमाच्या जगातलं आहे, मालिकेच्या नाही. आंगच्या आधीची एक अवतार क्योशी, तिच्यावरच्या कादंबऱ्या चांगल्या आहेत, पण त्या कादंबऱ्या आहेत, त्यात चित्रं शोधू नका.

‘द लॉस्ट अ‍ॅडव्हेंचर्स’ हा 2011 चा संग्रह आहे. मालिकेच्या दोन भागांच्या मधल्या फटीत घडणाऱ्या छोट्या छोट्या गोष्टी त्यात आहेत. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला आंग शुद्धीवर येतो तो थेट फायर नेशनच्या जहाजावर. ते जहाज आंग आणि त्याच्या मित्रमंडळींच्या हाती लागलं कसं, हे त्यातली एक गोष्ट सांगते. गोड पुस्तक आहे, पण सुरुवात यापासून करू नका. ‘पुढे काय झालं’ हे विचारणाऱ्याला ते काहीच देत नाही.

पुढची गोष्ट हवी असेल तर हा क्रम लिहून ठेवा : ‘द प्रॉमिस’, ‘द सर्च’, ‘द रिफ्ट’, ‘स्मोक अँड शॅडो’, ‘नॉर्थ अँड साउथ’, ‘इम्बॅलन्स’. पहिली पाच जीन लुएन यांगने लिहिली आणि गुरीहिरू या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्तींनी काढली. सहावं फेथ एरिन हिक्सचं आहे, चित्रं पीटर वॉर्टमनची. त्यानंतर मालिकेतल्या सुकी, टॉफ आणि झुकोची बहीण अझुला यांच्यावरची सुटी पुस्तकं आहेत, ती एकेका बैठकीत संपतात.

एक भाग घेऊन त्यावरच मत बनवणं

या सहाही कथा प्रत्येकी तीन भागांत निघाल्या. एक भाग साधारण 80 पानांचा. मालिकेच्या हिशेबाने पाहिलं तर एका भागात जेमतेम एका एपिसोडएवढा मजकूर असतो. त्यामुळे पहिला भाग वाचून “काहीच घडलं नाही” असं वाटणं अगदी साहजिक आहे.

‘द सर्च’च्या बाबतीत तर हे धोक्याचंच आहे. त्याचा पहिला भाग एका पत्रापाशी थांबतो. त्या पत्रात जे लिहिलंय ते वाचून झुकोला जो धक्का बसतो तो आपल्यालाही बसतो आणि तिथेच पानं संपतात. ते खरं की खोटं, कुणी कशासाठी लिहिलं, हे पुढच्या भागांशिवाय कळत नाही. माझ्या ओळखीतला एक मुलगा पहिला भाग वाचून इतका चिडला की त्याने पुढचं काही हातात धरलं नाही. आजही तो ते पत्र शब्दशः खरं मानून चालतो.

मी स्वतः पहिल्या वेळी सुटे भाग मागवले. एका ऑनलाइन दुकानाने दुसऱ्या भागाच्या दोन प्रती पाठवल्या, पहिला भाग आलाच नाही. परत करण्यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून माझा सल्ला एकच : ऑम्निबस घ्या किंवा लायब्ररी एडिशन घ्या. दोन्हींत तिन्ही भाग एकत्र आहेत. ऑम्निबस मऊ बांधणीची, आकाराने लहान, खिशाला हलकी. लायब्ररी एडिशन मोठ्या आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, आणि तिच्या समासात लेखक-चित्रकर्तींची टिपणं आहेत. हे पान असं का मांडलं, हा पोशाख कुठून सुचला, असं बरंच काही त्यात आहे. घरात चित्र काढणारं मूल असेल तर पैसे थोडे जास्त घाला आणि लायब्ररी एडिशनच आणा.

पुस्तकांना मालिकेचं चौथं पर्व मानणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबते.

मालिकेचा प्राण होता हालचालीत. ‘बेंडिंग’ म्हणजे तत्त्व हाताळण्याची कला, आणि अशा प्रत्येक कलेमागे एक खरी मार्शल आर्ट होती. वॉटरबेंडिंग ताई चीवर बेतलेलं, अर्थबेंडिंग हुंग गारवर, फायरबेंडिंग उत्तरी शाओलिनवर, एअरबेंडिंग बा ग्वावर. अर्थबेंडर टॉफची शैली तर आणखी वेगळी, दक्षिणी प्रेइंग मँटिसची. एखादा सराईत प्रेक्षक आवाज बंद करूनसुद्धा नुसत्या पायांच्या ठेवणीवरून ओळखायचा, की हे कोणत्या देशाचं माणूस आहे. त्यावर संगीत, आणि झुकोच्या काकाचा, आयरोचा आवाज. कागदावर यातलं काहीच येत नाही. पानावरची मारामारी म्हणजे गोठवलेल्या चार-पाच मुद्रा. ती शोधत पुस्तक उघडाल तर निराश व्हाल, आणि त्यात पुस्तकाचा दोष नसेल.

मग पुस्तकात आहे काय? जिंकल्यानंतरची सकाळ आहे. शंभर वर्षांचं युद्ध संपलं, राजा बदलला, फटाके उडाले. आता त्या शंभर वर्षांत जे होऊन बसलंय त्याचं करायचं काय? मालिकेने हा प्रश्न आपल्या हातात ठेवून निरोप घेतला होता.

‘द प्रॉमिस’मध्ये यू दाव नावाचं शहर आहे. फायर नेशनची अर्थ किंगडममधली सगळ्यात जुनी वसाहत. विजेत्यांनी ठरवलंय की वसाहती उठवायच्या, आक्रमण करणाऱ्यांना त्यांच्या देशात परत पाठवायचं. ऐकताना किती न्याय्य वाटतं! पण एका रात्री झुकोच्या महालात शिरून एक मुलगी त्याच्यावर हल्ला करते. तिचं नाव कोरी. ती अर्थबेंडर आहे, आणि तरीही स्वतःला फायर नेशनची नागरिक म्हणवते. बाप यू दावचा महापौर, फायर नेशनच्या रक्ताचा. आई अर्थ किंगडमची. पिढ्यानपिढ्या एकाच गावात राहिलेल्या या घराला तुम्ही सांगणार, की बापाने उठून जावं आणि आईने मागे राहावं? झुको ते घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि आपणच सही केलेला हुकूम फिरवतो. आंगच्या दृष्टीने हा शब्द मोडणं आहे. दोघंही चुकलेले नाहीत, आणि तरी सैन्यं समोरासमोर येऊन उभी राहतात.

सीमाभागात नातेवाईक असलेल्या कुणालाही ही पानं वेगळी टोचतील. नकाशावरची रेघ ओढणं सोपं असतं, ती घराच्या मधून गेल्यावर काय होतं ते मुलांच्या कॉमिकमध्ये इतकं सरळ मांडलेलं मी क्वचित पाहिलंय.

या पुस्तकावरचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. सुरुवातीलाच झुको आंगकडून वचन घेतो : मी बापासारखा व्हायला लागलो तर मला संपव. आंग हो म्हणतो. ज्या आंगने साक्षात ओझायलाही, म्हणजे झुकोच्या त्या बापालाही, मारायला नकार दिला, त्याच्यासाठीच सगळा शेवट वेगळा शोधावा लागला, तो मित्राला मारायचं वचन इतक्या लवकर देईल हे पटत नाही. तिथे कथेला ताण हवा होता म्हणून माणसाला वाकवलंय. पण त्याच कथेत रात्री-अपरात्री गुपचूप तुरुंगात जाऊन बापाचा सल्ला घेणारा झुको आहे. राज्य कसं करायचं हे विचारायला त्याला तोच माणूस आठवतो, ज्याने त्याचा चेहरा जाळला. ही कमकुवत बाजू मालिकेतल्या झुकोची सख्खी आहे. तिच्यासाठी त्या वचनाची ओढाताण मी माफ करते.

संवादाचे फुगे वाचत सुटणं

मुलं हे हमखास करतात, आणि मोठेही. फुग्यातलं वाचायचं, पान उलटायचं. 80 पानं वीस मिनिटांत खलास, मग “एवढंच?” गुरीहिरूंची चित्रं स्वच्छ आणि सोपी दिसतात, त्यामुळे डोळा त्यांच्यावरून घसरतो. उपाय साधा आहे : ज्या चौकटीत एकही शब्द नाही तिथे थांबायचं. कोण कुणाकडे बघतंय, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, हे पाहायचं. मालिकेत हे काम संगीत करायचं, इथे ते आपल्याला करावं लागतं.

मोबाईलवर वाचणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. पान अख्खं दिसलं तर अक्षरं वाचवत नाहीत, आणि अक्षरं मोठी केली तर पानाची मांडणी हरवते. फोन आडवा धरून फरक पडत नाही. टॅबवर वाचा, नाहीतर कागदावर.

आठवणीच्या भरवशावर वाचणं

पुस्तकं असं धरून चालतात की तुम्हाला मालिका ताजी आठवतेय. दहा वर्षांपूर्वी पाहिली असेल तर अर्धे धागे सुटतात. सगळे 61 भाग पुन्हा पाहायची गरज नाही. ‘द सर्च’च्या आधी दुसऱ्या पर्वातला ‘झुको अलोन’ पाहा. आई मध्यरात्री झोपेतून उठवून मिठी मारते, दोन वाक्यं बोलते आणि निघून जाते. सकाळी मुलगा तिला शोधत धावतो तर तळ्याकाठी बाप उभा, तोंडातून शब्द नाही. त्या जोडीला शेवटच्या लढाईआधीचा अझुलाचा तो आरशासमोरचा प्रसंग पाहा, जिथे आई दिसल्याचा भास होऊन ती आरसा फोडते. आईच्या शोधात ही बहीणही सोबत निघते, त्यामुळे हे दोन प्रसंग डोळ्यासमोर असतील तर पुस्तक दुप्पट भरून येतं.

‘नॉर्थ अँड साउथ’च्या आधी मालिकेचे अगदी पहिले दोन भाग पाहा. बर्फात मोजके तंबू, म्हातारी माणसं, बायका आणि पोरं, एवढंच आंगची मैत्रीण कटारा हिचं गाव होतं. ते नीट आठवत असेल तरच, ती परत येते तेव्हा समोर उभं असलेलं शहर पाहून तिच्या पोटात काय होतं ते कळेल. गावाचं भलं झालंय, आणि गाव गेलंय. या सहांतलं हे सगळ्यात कमी चर्चा झालेलं पुस्तक, आणि माझ्या मते ते पहिल्या दोनांच्या पंगतीला बसतं.

‘कोरा’ची सरमिसळ

‘द लेजंड ऑफ कोरा’ ही आंगनंतरच्या अवताराची, कोराची, पुढची मालिका. तिची पुस्तकं वेगळी आहेत. ‘टर्फ वॉर्स’ आणि ‘रुइन्स ऑफ द एम्पायर’, दोन्ही मालिकेचा सहनिर्माता मायकल दान्ते डिमार्टिनोने लिहिलेली. ‘टर्फ वॉर्स’ चौथ्या पर्वाच्या शेवटच्या क्षणापासूनच सुरू होतं, तेव्हा ‘कोरा’ पूर्ण संपल्याशिवाय त्याला हात लावू नका. कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून जातात, तिथे मालिका थांबली होती. त्यापुढचं जे टीव्हीवर मोकळेपणाने दाखवलं नव्हतं ते इथे पहिल्या काही पानांतच सरळ येतं.

आंगची पुस्तकं ‘कोरा’च्या आधी वाचायची की नंतर? आधी. ‘कोरा’ जिथे घडते ती रिपब्लिक सिटी आकाशातून पडलेली नाही, तिचं बी यू दावमध्ये आहे हे मग आपोआप लक्षात येतं.

सहाही घ्यायलाच हवीत असं मानणं

नको. ‘द प्रॉमिस’ आणि ‘द सर्च’ घ्या, जमलं तर ‘नॉर्थ अँड साउथ’. ‘द रिफ्ट’ टॉफवर जीव असेल तर, बाप-लेकीचा भाग त्यात छान उतरलाय. ‘स्मोक अँड शॅडो’ अझुलासाठी वाचावं, पण तिची गोष्ट त्यात पुरी होत नाही. 2023 च्या ‘अझुला इन द स्पिरिट टेम्पल’मध्ये ती थोडी पुढे सरकते. ‘इम्बॅलन्स’ मला इतरांच्या मानाने घाईत उरकल्यासारखं वाटलं.

आणि कृपा करून विकीवर जाऊन सारांश वाचू नका. “अर्सा (झुकोची आई) सापडते का” एवढं एक वाक्य वाचून तीन भागांचा प्रवास कुणालाही मिळणार नाही. भाचीला मी एवढंच सांगितलं, “उत्तर आहे. पण मी नाही सांगणार.”

ऑम्निबस आली तेव्हा शाळा सुरू झाली होती. तिने ती शनिवारी दुपारी हातात घेतली आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर मिटली. बराच वेळ काही बोलली नाही. मग रिमोट माझ्या हातात देत म्हणाली, “मावशी, तो तळ्याकाठचा भाग परत लाव ना.”