काल्पनिक जगाचा नकाशा गिम्पमध्ये कसा करायचा

गिम्प म्हणजे चित्रं संपादित करायचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात नवी फाइल ४००० बाय ४००० पिक्सेलची तरी घ्या, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १३ इंचाची प्रिंट निघते. किनारा हाताने काढत बसू नका, तो गुळगुळीत आणि खोटा दिसतो. फिल्टर्समध्ये रेंडर, मग नॉइज, मग सॉलिड नॉइज, डिटेल वाढवा, ढगाळ करडं चित्र येईल, त्यावर कलर्समधलं थ्रेशोल्ड (करड्याचं नुसतं काळं-पांढरं करतं ते) उघडून स्लायडर सरकवत राहा, पांढरं ती जमीन नि काळं तो समुद्र, आणि बघा बेटं, खाड्या कशा आपोआप तयार होतात, फार भारी वाटतं! नको ती बेटं काळ्या ब्रशने पुसा.

डोंगर, नद्या, जंगलं सगळ्यांना वेगळा लेयर, म्हणजे चित्रावर ठेवलेला स्वतंत्र पारदर्शक थर. नद्यांवर मात्र वेळ घालवा कारण नकाशा इथेच फसतो, नदी उंचावरून उताराने येते, उपनद्या तिला मिळत जातात, वाटेत ती दोन समुद्रांकडे फुटत नाही, फाटे फुटतात ते सहसा मुखाशीच. ब्रश उगमाशी २ पिक्सेल, मुखाशी ६-७. समुद्राचा वारा डोंगराच्या ज्या बाजूला अडतो तिथे घनदाट जंगल, पलीकडे कोरडं माळरान.

नावं सगळ्यात शेवटी, आणि फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच सेव्ह करा, लेयर शाबूत राहतात.