अंडी घटली की औषध शोधण्यापूर्वी या चुका टाळा

अंडी कमी झाली, आता कोणते औषध द्यावे, असे कोणी विचारले की मी आधी कोंबड्यांचे वय आणि वाण विचारतो. बहुतेकांकडे पिल्ले निघाल्याची तारीखसुद्धा लिहून ठेवलेली नसते. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, साधारण 18 ते 20 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते, 25 ते 30 आठवड्यांच्या सुमारास तिचे उत्पादन शिखरावर असते आणि त्यानंतर ते हळूहळू उतरत जाते. हा उतार आजार नव्हे. वय माहीत नसेल, तर नेहमीची घट कोणती आणि खरा बिघाड कोणता, हे कळणार कसे?

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे संकरित लेअरच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढणे. माझ्या एका परिचिताने पैसे वाचवण्यासाठी हेच केले. निघालेल्या पिल्लांत जवळपास निम्मे नर होते, ते वेगळेच; उरलेल्या तलंगांपैकी (तरुण माद्यांपैकी) काही वेळेवर अंड्यावर आल्या, काही दोन महिने मागे राहिल्या आणि काही वारंवार खुडूक (अंडी देणे थांबवून उबवायला) बसू लागल्या. परिचिताने तीनदा खाद्य बदलले, पण दोष खाद्यात नव्हताच. व्यापारी लेअर ही निवडलेल्या वेगवेगळ्या वंशरेषांच्या संकरातून तयार होते. तिच्यात दिसणारा संकरजोम, म्हणजे संकरामुळे आलेला जादा जोम, पुढच्या पिढीत विरतो आणि गुण विखुरतात. त्यातच भावंडांचा संयोग झाला, तर अंडी आणि उबवण दोन्ही घटतात. स्वतःची पैदास करायचीच असेल, तर शुद्ध जात पाळावी, पायात क्रमांकाचे कडे घालून नोंद ठेवावी आणि नर बाहेरच्या कळपातून आणावा. मी तेच करतो.

दुसरी चूक कवचाबाबतची. वय वाढते तसे अंडे मोठे होते, पण कवचासाठीचा चुना (कॅल्शियम) त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय वयस्क कोंबडीची कॅल्शियम शोषण्याची क्षमताही घटते. परिणामी कवच पातळ होते. त्यावर घाईघाईने खाद्यात चुन्याची बारीक भुकटी वाढवली जाते, आणि खाद्य बेचव झाल्याने कोंबड्या तेही कमी खातात. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच घडायला जवळपास 20 तास लागतात, त्यातले बरेच काम रात्री, कोंबडी काही खात नसताना चालते. भुकटी पोटातून लवकर पुढे सरकते, तर शिंपल्यांचे जाड खडे पेषणीत (अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात) थांबून रात्रभर विरघळत राहतात. म्हणून मी दुपारनंतर खडे वेगळ्या भांड्यात ठेवतो. गरज असलेली कोंबडी ते वेचून खाते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र हा जादा चुना देऊ नये, त्याने मूत्रपिंडांना इजा होते.

तलंगांना लवकर अंड्यावर आणण्यासाठी दिव्यांचे तास वाढवू नयेत. अपुऱ्या वाढीच्या तलंगा लहान अंडी देतात आणि काहींचे अंग (अंडनलिकेचा भाग) बाहेर येते. पिसे गळून तुरा फिकट पडला, तर आधी वय पाहावे. बहुधा कोंबडी नेहमीप्रमाणे जुनी पिसे गाळून नवी आणत असते, तो आजार नसतो. उबवणीसाठी वयस्क कोंबड्यांची अंडी साठवून ठेवू नयेत, ताजीच लावावीत, आणि फलन घटले तर कोंबड्यांइतकेच नराचे वयही तपासावे.