पाय बधिर झालेत? मग बूट पुठ्ठ्याने मापून घ्या

रात्री तळपाय जळतात, दिवसा बधिर, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. शुगरवाल्यांना हे सांगायला नको. मला नऊ वर्षं झाली, आणि जो भेटतो तो काशाच्या वाटीने तूप चोळा म्हणतो. चोळा की, बरं वाटतं, पण त्याने नस दुरुस्त होत नाही.

आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आणि व्हिटॅमिन बी-12 या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होऊ शकतं, आणि मुंग्या त्यामुळेही येतात. पायाला स्पर्श कळतो का हे नायलॉनचा दोरा टेकवून बघतात ती 10 ग्रॅमची मोनोफिलामेंट टेस्टही मागून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता बूट. इथे मी सपशेल आपटलो. बधिर पायाला नीट मापाचा बूट ढिला वाटतो, घट्ट बूट घातला की काहीतरी कळतं म्हणून तोच बरा वाटतो. नाशिकच्या मेन रोडला दुकानात तीन जोड घालून पाहिले, सगळ्यात घट्ट होता तो घेतला, वर पोराला म्हटलं बघ कसा फिट बसलाय! चौथ्या दिवशी करंगळीच्या बाजूला फोड, तोही मला नाही, मोजे धुताना बायकोला डाग दिसला म्हणून कळलं. भरायला दीड महिना गेला.

तेव्हापासून पायाला विचारायचं बंद. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि संध्याकाळी, दिवसभराची सूज पायात असताना, त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन उभा धरून दुसऱ्या कोणाला तरी रेघ मारायला सांगा, स्वतः वाकलात तर पाय हलतो न् माप चुकतं. दोन्ही पायांचं घ्या, एक पाय थोडा मोठा निघतोच. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे) बोटभर रुंदी जास्त ठेवून कापा. हा पुठ्ठा दुकानात न्यायचा आणि बुटात सरकवायचा. कडेला दुमडला तर तो बूट नाही घ्यायचा, दुकानदार कितीही म्हणू दे की वापरून सैल होईल. सैल होईपर्यंत तुमचं बोट जाईल.

अंगठ्याची चप्पल नकोच, पायातून कधी निसटली कळतच नाही, मी एकदा शालिमारच्या चौकात एका पायाने अनवाणी उभा होतो. मागे पट्टा असलेली एमसीआरची (मऊ रबराच्या तळव्याची) सँडल घ्या, दिसायला गबाळी असते, असू दे.

नवा बूट पहिल्या दिवशी घरातच तासभर, मग काढून पाय बघा. लाल ठसा अर्ध्या तासात गेला नाही तर बूट परत करा. आणि रोज घालायच्या आधी आत हात घालून चाचपायचं, नातीने टाकलेला चिंचोका घेऊन मी गोदा पार्कला दोन चकरा मारल्यात.

बाकीचं सोपं आहे. रोज रात्री तळवे आरशात बघा, क्रीम लावा पण बोटांच्या बेचक्यात नको. नखं सरळ कापा, कुरूपाला ब्लेड लावू नका. थंडीत पाय गार पडले तर मोजे घाला, गरम पाण्याची पिशवी नाही, भाजलेलं कळत नाही. गोधडीचा भार बोटांना सहन होत नसेल तर पायथ्याशी पांघरुणाच्या आत रिकामं खोकं आडवं ठेवा. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिनसारखी गोळी डॉक्टर हळूहळू वाढवतात, तुम्ही मनाने एकदम बंद करू नका. फोड किंवा जखम दिसली की त्याच दिवशी दाखवा, हळद भरून वाट बघत बसू नका.

आणि हो, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी अनवाणी करू का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही. मी तिथल्या कुशावर्त कुंडावर हात जोडतो आणि नाशिकची परतीची बस पकडतो.