जुनी इंग्लिश पोर्सेलिनची म्यूझ घेताय? आधी उलटी करून बघा

लंडनच्या पोर्टोबेलो रोडला शनिवारी चक्कर मारा नाहीतर ऑनलाइन लिलाव बघत बसा, फुलाफुलांचं वस्त्र नेसलेली वीतभर उंचीची पोर्सेलिनची (चिनी मातीची) बाई कुठेतरी दिसतेच, आणि खाली चिठ्ठी असते "डर्बी, म्यूझ, १८वं शतक". म्यूझ म्हणजे ग्रीकांच्या नऊ कलादेवता. १८व्या शतकात बो, चेल्सी, डर्बी अशा कारखान्यांनी त्या घडवल्या आणि पुढे त्यांच्या नकलाही भरपूर निघाल्या, म्हणून चिठ्ठी वाचून लगेच पाकीट काढू नका.

आधी टेबलावर जाड टॉवेल पसरा, हातातल्या अंगठ्या काढा आणि मूर्ती दोन्ही हातांनी बैठकीला धरून उचला. हाताला किंवा मानेला धरून कधीच नाही, जुने जोड तिथेच असतात.

मग तिला हळूच आडवी करून तळ बघा, खरी गंमत तिथेच आहे. डर्बीच्या मूर्ती भट्टीत मातीच्या छोट्या गोळ्यांवर उभ्या करायचे, त्यामुळे तळाला तीन-चार काळपट गोल डाग राहतात, त्यांना पॅच मार्क म्हणतात. हे डाग दिसले तर डर्बीचा विचार जरूर करा (विल्यम ड्यूसबरीने १७५६ पासून तो कारखाना नावारूपाला आणला). भट्टीत आतली गरम हवा बाहेर पडायला एक भोकही असतं. तळावर "इंग्लंड" छापलेलं असेल तर विषयच संपला, ती पद्धत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं करणाऱ्या १८९० च्या अमेरिकन कायद्यामुळे आली, १८९१ पासून.

शिक्क्यावर मात्र माझा फारसा भरवसा नाही. चेल्सीचा सोनेरी नांगर (जहाजाचा) सगळ्यांना माहीत असतो म्हणून नकला करणारेही तोच काढतात, आणि चांगला ठळक काढतात! खरा नांगर अगदी बारीक असतो, तो शोधावा लागतो.

पुढचं काम माती ओळखायचं. इंग्लिश कारखान्यांची तेव्हाची माती बहुतेक सॉफ्ट पेस्ट (कमी तापमानात भाजलेली, थोडी मऊ), बोवाले तर त्यात हाडांची राख घालायचे. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने (सुरुवात १८४५) ज्या नकला केल्या त्या हार्ड पेस्टच्या (जास्त तापमानात भाजलेल्या, कडक मातीच्या). कुठे टवका उडालेला असेल तर भिंगातून बघा, सॉफ्ट पेस्ट आतून साखरेसारखी रवाळ दिसते, हार्ड पेस्ट काचेसारखी गुळगुळीत. टवका नसेल तर रंग बघा, सॉफ्ट पेस्टवर रंग ग्लेझमध्ये (वरच्या चकचकीत लेपात) थोडे मुरलेले वाटतात, हार्ड पेस्टवर नुसते वर बसलेले. आणि नाही, टवका मुद्दाम पाडायचा नाही 😄

आता ही नक्की कोणती म्यूझ? हातातली वस्तू सांगते: गोळा असला तर खगोलशास्त्राची युरेनिया, बासरी असली तर युटर्पी, हसरा मुखवटा थालियाचा, रडका मेल्पोमिनीचा. पण गोची अशी की बोटं आणि हातातल्या वस्तू सगळ्यात आधी तुटतात आणि दुरुस्ती करणारा त्याला सुचेल ते चिकटवतो, म्हणून मनगट नीट तपासल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नका. अंधारात यूव्ही टॉर्च मारा, नव्याने रंगवलेला भाग बहुतेक वेळा वेगळाच चमकतो. मान, बोटं, मागची मातीची पानंफुलं, सगळीकडे फिरवा. थोडीफार दुरुस्ती असली तर मी तरी मूर्ती नाकारणार नाही, अडीचशे वर्षांच्या बाईची बोटं शाबूत असतील तर उलट संशय येतो, पण डोकं परत चिकटवलेलं असेल तर भाव चांगलाच पाडून मागा.

घरी आणल्यावर पाण्यात बुडवू नका, कोमट पाण्याने जुना गोंद सुटतो आणि रंगवलेली दुरुस्तीही निघू शकते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

आणि हो, बिलावर कारखान्याचं नाव, अंदाजे साल आणि कुठे कुठे दुरुस्ती झालीय हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. लिहून द्यायला कां कूं करत असेल तर पुढच्या टेबलाकडे वळा.