आइस स्केट भुसभुशीत बर्फावर चालवायचेत? या चुका टाळा

मराठीत बोलताना दोन्हीला एकच शब्द: बर्फ. रसवंतीवर येणारी लादी बर्फ आणि गोळेवाला रंध्यावर किसतो तो भुगाही बर्फच. आइस स्केट लादीसाठी बनलेला असतो. काश्मीरात गुलमर्गला किंवा उत्तराखंडात औलीला उतारावर जे पसरलेलं असतं तो किस, म्हणजे हिम. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे जायचं ठरलं की छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूरकडची रोलर स्केटिंगवाली मंडळी जुने आइस स्केट मिळवतात आणि खाली पट्टी ठोकून द्या म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जातात. काम होण्यासारखं आहे. बिघडतं ते लादी आणि किस यातला फरक विसरल्यामुळे, आणि त्याहून जास्त वेळा, इथल्या उन्हात जोडलेली वस्तू शून्याखाली वापरायची आहे हे विसरल्यामुळे.

आधी हिशोब. फिगर स्केटचं पातं साधारण 4 मिमी जाड असतं, हॉकीचं 3 मिमीच्या आसपास. 70 किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि 28 सेंमी पातं अख्खं टेकलं असं धरलं, तरी दर चौरस सेंटीमीटरला सव्वासहा किलो भार पडतो. ताज्या हिमाची घनता घनमीटरला 50 ते 100 किलो, लादीची 917. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात सायकल घातलेल्याला पुढचं सांगायला नको. तोच भार 9 सेंमी रुंद, 60 सेंमी लांब पट्टीवर टाकला की चौरस सेंटीमीटरला 130 ग्रॅम राहतो. दाबलेल्या उतारावर एवढं पुरतं. मांडीभर ताज्या हिमात हीही पट्टी बुडेल, तिथे लांब स्की लागते.

पातं तसंच ठेवून खाली पट्टी जोडणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. पातं वरून सरळ दिसतं, पण खालची धार कमानीसारखी गोल असते. हॉकीच्या पात्याची त्रिज्या बहुधा 9 ते 11 फूट, फिगरची 7-8 फूट. सपाट पट्टीवर ते मधेच टेकतं आणि पुढे-मागे डुलतं. मग दोन्ही बाजूंनी अँगल लावून आवळतात. तोवर आधीच जमिनीपासून पाच-सहा सेंटीमीटर उंच असलेला बूट आणखी उंच झालेला असतो. पट्टी कडेवर गेली की ही सगळी उंची तरफेसारखी घोट्यावर येते.

काहीजण पातं थेट वेल्डिंग करून घेतात. पातं कडक केलेल्या पोलादाचं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणी उतरतं आणि सांध्याच्या शेजारी ते ठिसूळ होऊन तडकतं. वर क्रोमचा मुलामा असेल तर धूरही विषारी. भोक पाडायला गेलात तर साधा ड्रिल बिट दोन मिनिटांत बोथट होतो.

सरळ मार्ग म्हणजे पातं काढून ठेवणं. फिगर स्केटचं पातं तळाला स्क्रूने बसवलेलं असतं, ते उघडा. हॉकीचा प्लॅस्टिक होल्डर रिव्हेटने असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवलं की मोकळा होतो. पण त्याच भोकांत पुन्हा लाकडात वापरायचे स्क्रू पिळू नका. एकदा उघडलेल्या चामड्यात ते धरत नाहीत, ओल लागली की दुसऱ्या दिवशी टाच हलायला लागते. बुटाच्या आतून टी-नट (चकती असलेला, तळात रुतून बसणारा नट) बसवा आणि खालून एम6, म्हणजे 6 मिमी जाडीचे, बोल्ट घ्या. पुढे चार, टाचेला तीन. आतल्या टी-नटवर पातळ चामडं चिकटवून मग आतला तळ घाला, नाहीतर पायाला प्रत्येक नट मोजता येतो.

चुकीचं प्लॅस्टिक आणि उघडा धातू

नुसती ॲल्युमिनियमची पट्टी घोटून गुळगुळीत केली तरी हिमावर ती अडखळते. घसरताना घर्षणाने पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्यावर आपण सरकतो. धातू ती उष्णता शोषून घेतो, थर पुन्हा गोठतो आणि हिम चिकटतं. पीव्हीसी पाइप उभा चिरून लावायची युक्तीही फिरत असते. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो आणि पहिल्या दगडाला तुटतो.

खालचा थर पॉलिथिलिनचाच हवा. स्कीच्या तळाला जे असतं त्याच जातीचं यूएचएमडब्ल्यू (लवकर न झिजणारं, चिवट पॉलिथिलिन) शीट कन्व्हेयरच्या पट्ट्याखाली वापरतात, त्यामुळे वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत काम करणाऱ्याला ते नावानेच माहीत असतं. 10 मिमी जाडीचं घ्या. फॅब्रिकेशनवाल्याच्या भाषेत तीन सुतांपेक्षा जरासं जास्त. वजन वाचवायला 6 मिमी घेतात ती चूक. एम6 काउंटरसिंक (डोकं मालात बुडवून बसवायच्या) बोल्टचं डोकं सव्वातीन मिमी उंच आणि ते पृष्ठभागाच्या दीड मिमी आत बसायला हवं. 6 मिमीच्या शीटमध्ये डोक्याखाली जेमतेम सव्वा मिमी माल उरतो, तो फाटतो. स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड एचडीपीईचा, म्हणजे साध्या पॉलिथिलिनचा असतो. एका सहलीपुरता चालेल, झिजेल लवकर.

वर कण्यासाठी, म्हणजे पट्टी ताठ राहायला, 5 मिमी ॲल्युमिनियम, 6061 ग्रेडचं. दुकानातला स्वस्त मऊ पत्रा टाचेखाली वाकतो. दोन्ही मिळून एका पायाला सव्वा किलोच्या आसपास वजन होतं. जड वाटेल, पण त्याहून हलकं करायच्या नादात मजबुती जाते.

उन्हात आवळलेले बोल्ट

डिसेंबरमध्ये संभाजीनगरच्या वर्कशॉपमध्ये दुपारी 28 अंश असतात. गुलमर्गच्या उतारावर उणे 8 धरा. फरक 36 अंशांचा. एवढ्या फरकाने 600 मिमी लांब यूएचएमडब्ल्यू साधारण 4 मिमी आखडतं आणि त्यावरचं ॲल्युमिनियम फक्त अर्धा मिमी. दोन्ही गोल भोकांतून गच्च आवळलेले असतील तर खालचं प्लॅस्टिक आखडून पट्टीची टोकं खाली ओढतं. पट्टी मधून कमानीसारखी उचलली जाते, नाहीतर टोकाचे बोल्ट प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात. इथे टेबलावर तासभर निरखलं तरी दोष दिसणार नाही. तो तिकडे पहिल्याच सकाळी दिसतो.

म्हणून मधला एक बोल्ट गोल भोकात, घट्ट. बाकी सगळ्यांसाठी ॲल्युमिनियममध्ये लांबट खाच: 6.5 मिमी रुंद, 11 मिमी लांब, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. टोकाचा बोल्ट मध्यापासून 25 सेंमीवर असेल तर तो दीड मिमीच्या आसपास सरकतो, खाचेत तेवढी जागा आहे. खाली काउंटरसिंक डोकं, वर रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा). नट टेकल्यावर पाव फेरा, बस. जोर काढून आवळला की खाच असून नसल्यासारखी. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नायलॉक फिरवताना आटे एकमेकांत जाम होतात. आधी आट्यांना थोडं मेण चोळा.

अरल्डाइट किंवा फेविकॉल एसआर लावून बोल्ट वाचवू नका. पॉलिथिलिनला साधा गोंद धरतच नाही, नखाने सुटून येतो.

शेंडा, शेपूट, चर

सपाट पट्टी पहिल्याच उंचवट्यात खुपसते आणि माणूस तोंडावर पडतो. पुढचे 10 सेंमी हळूहळू वर वळवून शेंडा 4-5 सेंमी उचललेला हवा. 6061 काटकोनात वाकवलं तर तडकतं. 10 सेंमी त्रिज्येच्या पाइपवर धीराने वाकवलं की निभतं. 10 मिमी प्लॅस्टिक मात्र एवढं वळत नाही, आणि गॅसच्या ज्योतीवर वळवलं तर थोड्या दिवसांत परत सरळ व्हायला बघतं. शेंड्याकडचा भाग वरच्या बाजूने रंधून उतरता करत 4 मिमीवर आणा, मग तो क्लॅम्पने थंडच बसतो. तिथला टोकाचा बोल्ट हिमाला लागत नाही, चपट्या गोल डोक्याचा एम5 चालतो. मागचं टोक सेंटीमीटरभर उचला, नाहीतर मागे पाऊल घेताच शेपूट रुतते.

बूट पट्टीच्या बरोबर मध्यावर बसवला की शेंडा खाली जातो. बुटाचा मध्य पट्टीच्या मध्यापासून 2 ते 3 सेंमी मागे ठेवा. आणि दोन्ही बूट गुण्या लावूनच आखा. दोन अंशांचा तिरकेपणा फरशीवर कळत नाही, उतारावर एक पाय सारखा आत खेचतो.

तळाला मधोमध एक उभी चर हवी, 8 ते 10 मिमी रुंद, 2 ते 3 मिमी खोल. ती नसेल तर पट्टी साबणासारखी आडवी घसरते. सुताराच्या राउटरवर पाच मिनिटांचं काम. बोल्टची डोकी चरीत येऊ देऊ नका.

सकाळी उतार रात्रीत गोठून काचेसारखा झालेला असतो आणि प्लॅस्टिकची कड त्यात धरत नाही. दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी लावता येते, पण ती तळाच्या पातळीत अचूक बसवणं घरगुती कामात क्वचितच साधतं. अर्धा मिमी खाली आली तरी अडकते. आमच्या मते ऊन चढून वरचा थर सुटेपर्यंत थांबणं, किंवा त्या दोन तासांसाठी भाड्याची स्की घेणं, जास्त शहाणपणाचं.

लांबीचा हव्यास

पट्टी लांब केली की जास्त स्थिर वाटते, म्हणून कुणी 90 सेंमी करून घेतो. स्कीच्या बाइंडिंगला (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला) पडताना बूट सोडून द्यायची सोय असते, या जोडणीला नाही. लांब पट्टी हिमात अडकली आणि शरीर फिरलं की सगळा पीळ नडगी आणि गुडघ्यावर येतो. 55 ते 65 सेंमीच्या पुढे जाऊ नका. शिकाऊ उतारच धरा, हेल्मेट घाला. लिफ्टवर अशा घरी केलेल्या साधनाला परवानगी आहे का, ते आधी विचारा.

मेण, आणि चिकटण्याचं दुखणं

खोबरेल तेल लावून नेणारे भेटतात. ते 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे लातूरच्या हिवाळ्यातच बाटलीत घट्ट होतं. उणे तापमानात त्याचा चिकट थर उरतो. ग्रीस धूळ धरतं. लावायचं ते मेण. स्कीचं मेण मिळालं तर उत्तम, नाहीतर बिनरंगाची, बिनवासाची पॅराफिन मेणबत्ती. जुनी बिनवाफेची इस्त्री सिंथेटिकवर ठेवून मेण वितळवा आणि सतत फिरवत राहा. धूर निघाला म्हणजे जास्त तापली. पॉलिथिलिन 130 अंशांच्या पुढे वितळतं आणि एका जागी थांबलेली इस्त्री खड्डा पाडते. पूर्ण थंड झाल्यावर ॲक्रिलिकच्या पट्टीने जादा मेण खरवडून काढा. तळावर जाड मेण राहिलं तर वेग वाढत नाही, कमी होतो.

मेण नीट असूनही पहिल्या पावलाला तळाला ढेकूळ चिकटतंय? बहुतेक वेळा स्केट थेट हॉटेलच्या गरम खोलीतून आणलेले असतात. कोमट तळावर हिम वितळतं, लगेच गोठतं आणि ढेकूळ होतं. उतरायच्या आधी 15-20 मिनिटं स्केट बाहेर सावलीत ठेवा. बूट आणि पट्टीच्या मधल्या पोकळीतही हिम भरत जातं आणि टाच उचलल्यासारखी वाटते. तिथे जुन्या हवाई चपलेचा तळ कापून बसवा, काम होतं.

पाय गार पडतात म्हणून दोन जाड लोकरी मोजे कोंबू नका. बूट घट्ट होतो, रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एक पातळ, एक मध्यम लोकरी. घोट्यावरून पँटची घडी बुटावर आणा, म्हणजे हिम आत जात नाही.

निघण्याआधीची चाचणी

फरशीवर किंवा मुरमावर घसरून बघू नका, नव्या तळावर ओरखडे पडतात. दोन विटांवर पट्टीची टोकं टेकवून मधे बुटात उभे राहा, हलक्या दोन उड्या घ्या. पट्टी लवली तर परत सरळ झाली पाहिजे. मग हिरवळीवर ताडपत्री अंथरून साबणाचं पाणी टाका आणि चार पावलं सरका. डावीकडे खेचते का, शेंडा खाली जातो का, इथेच कळेल. त्यानंतर घरातला फ्रीझर. लहानसा तुकडा, खाच आणि बोल्टसकट, रात्रभर आत ठेवा. सकाळी नट करकचून जाम झाला असेल तर खाच लांब करा.

नांदेडहून सुटणाऱ्या सचखंड एक्सप्रेसने अमृतसरपर्यंत आणि पुढे जम्मूकडे जायचं असेल तर स्केट सीटखाली मावतात. विमानाने जाणार असाल तर पाती आणि पाने-पकड हातातल्या सामानात नको, चेक-इनमध्ये टाका. सोबत चार जादा एम6 नायलॉक, एक 10 नंबरचा पाना, एक ॲलन की आणि मेणबत्ती. काढून ठेवलेली पाती पुसून, तेलाचं बोट फिरवून कोरड्या कापडात बांधा. रबरी कव्हर घालून ठेवली तर आत ओल कोंडते आणि पावसाळ्यापर्यंत धारेवर गंज चढतो.