जुन्या प्रिंटमधले भग्नावशेष बघायचे कसे

फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँचं १६३६ चं 'काम्पो वाच्चीनो' हे एचिंग (ॲसिडने पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं चित्र) मोबाइलवर उघडा आणि मस्त झूम करा. नावाचा अर्थ गुरांचं मैदान, कारण तेव्हा रोमचं फोरम, म्हणजे प्राचीन शहराचा मुख्य चौक, बरंचसं मातीत गाडलेलं आणि वर चक्क गुरांचा बाजार भरायचा! आधी पुढच्या गडद रेघा बघा, मग लांबच्या फिकट. ही सगळी करामत ॲसिडची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने ओरखडायचं, ॲसिडमध्ये टाकायचं, फिकट हवं तिथे वॉर्निश लावून थांबवायचं आणि बाकीच्या रेघा अजून खाऊ द्यायच्या, की त्या काळ्याकुट्ट. अशा प्रिंट्समध्ये कमानीवर झुडूप दिसलं तर तिथेच थांबा, पानांची रेघ वळवळते, दगडाची शिस्तीत जाते. आणि हो, छापताना चित्र उलटतं, त्यामुळे डावं-उजवं जरा जपून.