बेटावर निघण्याआधी

बेटावरच्या सुट्टीची बॅग भरताना मी एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवते: मध्यरात्री काही झालं आणि उजाडेपर्यंत बोट नसेल, तर आपल्या हाताशी काय असायला हवं?

सुरुवात डॉक्टरांपासून, आणि तीही निघायच्या ४ ते ६ आठवडे आधी. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात यांच्या लशींचं तेव्हाच विचारून घ्या. तिथे पिवळ्या तापाची लस सक्तीची असेल, तर तिचं प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. शेवटच्या आठवड्यातल्या धावपळीचा उपयोग नाही. विम्यात रुग्णाला बेटावरून हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा, आणि भाड्याच्या स्कूटरबद्दल काय लिहिलंय तेही. परवाना आणि हेल्मेट नसेल तर स्कूटरचा नादच नको. सुट्टीतली हाडं जास्त करून तिथेच मोडतात, शार्कमुळे नाही.

रोजची औषधं दोन-चार दिवसांची जादा, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. ओआरएसची पाकिटं घ्याच. संपली तर १ लीटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तापावर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही असं कळेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनला हात लावू नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डासांच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. मच्छरदाणी लावून निर्धास्त झोपतात, पण डेंग्यूचा एडिस डास चावतो दिवसा, मलेरियाचा ॲनोफिलिस रात्री. म्हणून डास पळवणारं मलम सकाळपासूनच हवं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर मलम. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. पोहताना पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट मला बाटलीपेक्षा भरवशाचा वाटतो.

पाण्यात उतरण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, हे पाठ करायला लावा: आत समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाची ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात हलवून मदत मागायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं. पायात रबरी बूट असू द्या. प्रवाळाने खरचटलं तर जखम लगेच साबणाने धुवा, ती फार पटकन चिघळते. दगडमाशाचा, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाचा, काटा टोचला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

जेवणात बाराकुडासारखे मोठे प्रवाळमासे मी टाळते. त्यांच्यात साठणारं सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा, तेही विचारावं.

स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी मारणं, करणार असाल तर परतीचं तिकीट आधी बघा. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस कोरडाच ठेवा.